बुजवलेल्या विहिरीवरची हळद

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. कुणी हे वाचलंच तर समजून घ्यावं. चौथीनंतर लिहायचं कधी काम पडलं नाही. पण दिवेकर इंजिनिअर साहेबांना देवाघरी जाऊन दोन महिने झाले, आणि मनातलं कुणाजवळ बोलायला मला जमत नाही...

बारामतीच्या ज्या बागेत मी झाडांना पाणी घालते, तिथं काही वर्षांमागं साहेबांनी नाजूक झाडांसाठी काचघर बांधलं. इंदापूरहून मोटारसायकलवर यायचे. त्यांनी खांबांसाठी चुन्याच्या खुणा केल्या, तेव्हा एक खूण बरोबर जुन्या विहिरीवर पडली. विहीर बुजवून कित्येक वर्षं झालेली, वर नुसती काळी माती. मला ठाऊक होतं. पण शिकलेल्या माणसांच्या आखणीत आपण काय बोलायचं?

आमच्या घरातली बाळंतीण सव्वा महिन्यानं त्याच विहिरीची पूजा करते, पाणी असो नसो. त्याच आठवड्यात मी सुनेला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी साहेब चुन्यावरच्या हळदीकुंकवापाशी उभे.

“मावशी, ही पूजा कुणाची?”

“विहिरीची.”

“कुठं हाय विहीर?”

मी खाली बघतच म्हटलं, “तुमच्या चुन्याखाली.”

साहेब म्हणाले, “मग आधी खणून बघू.” कामाचा ठेकेदार हसला. “साहेब, बाईच्या हळदीवर डिझाईन बदलताय व्हय? उद्या लिंबू-मिरची बघून स्लॅब टाकाल!”

साहेबांच्या कार्यालयानं कळवलं, मातीची तपासणी झालेली आहे, जादा खोदाईला पैसे नाहीत. साहेबांनी स्वतःच्या खिशातून जेसीबी लावला. दुपारपर्यंत माती, राख, फुटकी कौलं, एवढंच निघालं. मग घडीव दगड लागला... आणि हळूहळू विहिरीचं अख्खं कडं उघडं पडलं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, “मावशी, काच वाकत न्हाय. जमीन बोटभर खचली तरी तडकती.” मग विहिरीच्या दोन्ही अंगांना खालच्या घट्ट मुरमापर्यंत खांब नेले आणि वरून जाड बीम टाकला.

साहेब गेल्यावर मी त्यांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला इंदापूरला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “त्या जेसीबीचे पैसे कार्यालयात अजून अडकलेत. जुन्या नकाशात विहीर नाही, म्हणून ती बुजण्याआधी पाहिलेल्या माणसाचा जबाब मागत होते. मी म्हटलं, मावशींना न्या. तर हे म्हणाले, ती माउली चारचौघांत घाबरती. तिला तितं उभं करायचं न्हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. एवढी वर्षं त्यांनी मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकटीच कार्यालयात गेले. टेबलामागच्या माणसानं विचारलं, “तुम्ही विहीर पाहिली होती?”

“पाहिली काय? लग्न होऊन आले तवापासनं तिचं पाणी शेंदलंय मी!”

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. त्या माणसानं जबाब लिहून घेतला, मी सही केली.

काल वहिनींचा फोन आला. “मावशी, पैसे आले. सगळे. डिझेलचेसुद्धा धरलेत.”