अर्ध्या दाढीचे सर

पीटीच्या सरांनी भिंगरीचं नाव रिलेच्या यादीतून खोडलं, ही बातमी सलूनमध्ये शुक्रवारी पोहोचली आणि शनिवारी सकाळी खुद्द सर दाढी करायला पोहोचले. एवढं धाडस माणसानं करू नये. समोरच्याच्या हातात वस्तरा असतो.

सलूनवाला मात्र शांत होता. भिंगरी त्याची मुलगी. वय दहा, पळायला लागली की अख्खा वर्ग मागे. तिला तिसऱ्या वर्षापासून अपस्मार होता. औषधं चालू असूनही दोन-तीन महिन्यांतून एखादी फिट यायचीच. डॉक्टरांची पळायला हरकत नव्हती. लपवायचं नाही, असं आईनं ठरवलं होतं आणि ठळक अक्षरांत लिहून आरशावर चिकटवलं होतं: कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स.

पाठांतर करून घेण्याचं खातं बापाकडे. गालाला फेस लावलेला माणूस उठून जात नाही आणि वादही घालत नाही, हा शोध त्याला लागल्यापासून गल्लीतल्या बहुतेक पुरुषांना अपस्मार तोंडपाठ होता. शंकेखोरांना तो खुर्चीतून उतरवून फरशीवर कुशीला झोपवून दाखवी.

"सर, तोंडात चमचा घालायचा का?" उजवा गाल संपवून त्यानं विचारलं.

"माझ्या?"

"पोरीच्या. फिट आल्यावर."

"घालतात ना. जीभ चावू नये म्हणून."

बाकावर नंबर लावून बसलेले निवृत्त पोस्टमास्तर खाकरले. "नापास. समोरचा कागद वाचा, सर. मी दोनदा फरशीवर झोपलोय, तेव्हा कुठं पास झालो."

"तसं नव्हे हो," सर म्हणाले. "पोर गुणाची आहे. पण मैदानात काही झालं तर मला सुचणारच नाही."

हे खरं बोलणं होतं, म्हणून जास्त लागलं. "गरम पाणी आणतो," म्हणून सलूनवाला मागच्या खोलीत गेला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंगरी पेपर वाचण्याचं सोंग करत होती. पेपर हातातून घसरला, अंग ताठ झालं. पोस्टमास्तर ओरडले.

सलूनवाला गरम पाण्याचा मग घेऊन धावत आला आणि दारातच थांबला. सर फरशीवर गुडघ्यांवर होते. स्टूल बाजूला, भिंगरी कुशीवर, तिच्या डोक्याखाली सरांच्याच गळ्यातलं फडकं घडी करून. डाव्या गालावर फेस तसाच. ते आरशावरचा कागद मोठ्यानं वाचत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "भिंगरी, मी इथंच आहे हं."

"सर, आरशातलं घड्याळ बघताय तुम्ही," पोस्टमास्तर म्हणाले. "काटा उलटा फिरतोय."

"फिरू दे की. मिनिट तेवढंच असतं."

बापाच्या हातातलं पाणी बुटांवर सांडत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला करायला काही उरलं नव्हतं. हे कसं असतं ते त्याला माहीतच नव्हतं.

एक मिनिट चाळीस सेकंद. मग भिंगरी सैल पडली, श्वास सरळ झाला, आणि तिला उचलून बाकावर निजवलं. सलूनवाल्यानं वस्तरा उचलला.

"नको," सर म्हणाले. "हात बघा तुमचा. आज राहू दे."

भिंगरी अर्ध्या तासानं उठली. समोर सर, एका गालावर वाळलेला फेस.

"सर, दाढी अर्धीच?"

"तुझ्या बापाला विचार." सरांनी खिशातून यादी काढली, पोस्टमास्तरांकडून पेन घेऊन खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. "शेवटचा टप्पा तुझा. पण एक अट आहे. सोमवारी तुझ्या बाबांना स्टाफरूममध्ये पाठवायचं. आमच्यात नऊ शिक्षक आहेत, फरशी स्वच्छ आहे, आणि चमचेवाले सगळेच असणार."

"मुख्याध्यापिका बाई पण झोपतील?" भिंगरीनं विचारलं.

"आधी त्यांनाच."

सर निघाले ते जवळजवळ पळतच. गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या डाव्या गालाकडे पाहिलं आणि कोणीच काही विचारलं नाही. सलूनमध्ये काहीतरी शिकून आले असणार, एवढं सगळ्यांना कळलं.