छप्पन ग्रॅम

वजनमापे निरीक्षकाला बाजारात सगळे तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की ग्रॅमराव. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हिरव्या मखमलीवर मांडलेली पितळी वजनं, ती उचलायचा चिमटा आणि पावतीपुस्तक घेऊन तो दुकानात शिरला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. चिरीमिरी सोडाच, तो दुकानदाराकडे पाणीसुद्धा पीत नसे. पाच ग्रॅमचा फरक दिसला की काटा जप्त. समोरचा काकुळतीला येवो, लांबचा नातेवाईक निघो, याचं पेन बावीस वर्षांत एकदाही थांबलं नव्हतं. त्याच्या सरळपणाबद्दल बाजारात दोन मतं नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्या मनात तर अर्धंसुद्धा नव्हतं.

असा हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकलच्या नादाला लागला. निमित्त डॉक्टरांचं झालं. नऊ किलो वजन कमी करा, असं त्यांनी बजावलं. त्याने ते मनावर घेतलं आणि कमी करायला घेतलं, फक्त ते सायकलचं.

सायकल चांगली होती. खाली वाकलेल्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची, शर्यतीची म्हणतात तसली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "आठ किलो, साहेब. एका हाताने उचला." याने एका हाताने उचलली, घरी आणली आणि बसायच्या आधी काट्यावर ठेवली. काटा त्याचा स्वतःचा, दर सहा महिन्यांनी कचेरीतल्या शिक्क्याच्या वजनांशी ताडून पाहिलेला. भरली आठ किलो नऊशे. माणसाला फसवलं तर तो एक वेळ विसरतो, पण याला चक्क वजनात फसवलं होतं. तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं थांबलं नाही.

आधी स्टँड गेला, मग रिफ्लेक्टर, मग घंटी. घंटी गेल्यापासून तो रस्त्याने "बाजू, बाजू" असं ओरडत जाई, कारण आवाजाला वजन नसतं. पोलादी बोल्ट जाऊन टायटॅनियमचे आले. पुढचा फोर्क कार्बनचा झाला, मग सीटखालची दांडी, मग चाकं. सीट आली ती गादीबिदी काही नसलेली, नुसती कार्बनची पातळ पाटी. तिच्यावर बसून आला की तो तासभर उभ्यानेच पेपर वाची. काढलेला प्रत्येक भाग तो चिमट्याने काट्यावर ठेवी, नवा ठेवी, आणि फरक वहीत लिही. एवढ्या कौतुकाने त्याने कधी मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सहीसुद्धा केली नव्हती.

बायको घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे, दोरीला टांगलेले तयार कपडे, आणि आता त्यातच उलटी उभी केलेली सायकल. एकदा तिची मोठी कात्री जागेवर नव्हती.

"अहो, माझी कात्री पाहिलीत?"

"हँडलच्या टेपला घेतली होती. वीतभर तुकडा जास्तीचा होता. चार ग्रॅम निघाले."

"आणि कात्रीची धार निघाली ती? आता ती कापड चावतेय नुसती." तिने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "नऊ किलो समोर ठेवलेत ते दिसत नाहीत, आणि चार ग्रॅम दिसतात."

त्याने तिला शांतपणे समजावलं की सायकलच्या वजनात माणूस धरत नाहीत. जगभर धरत नाहीत. ती पुन्हा मशीनवर बसली आणि त्याचं बोलणं बुडेल इतक्या जोरात तिने पायडल मारलं.

या वेडात तो एकटा असता तर आपोआप ताळ्यावर आला असता. पण दर रविवारी सकाळी सायकलवाल्या मेस्त्रीच्या दुकानासमोर सात-आठ जण जमत. सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, सगळे अंगाला चिकटलेल्या कपड्यांत पोट आत ओढून उभे. तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत चढ होता. तो चढून जायचं असा बेत असे, पण अर्धी सकाळ चढाआधीच्या चर्चेत जाई. वजन कसं धरायचं यावर त्यांच्या तीन बैठका झाल्या होत्या. शेवटी ठरलं की पेडलसकट, हवेसकट आणि बाटलीशिवाय. हवेसकट हा शब्द दातांच्या डॉक्टरने भांडून घालून घेतला, कारण हवेलाही वजन असतं आणि काही लोक चाकांतली हवा सोडून आणतात, असा त्याचा आरोप होता. आरोप कोणावर ते सगळ्यांना कळलं.

हा दातांचा डॉक्टर म्हणजे ग्रॅमरावच्या डोळ्यातलं कुसळ. त्याच्याकडे दाढ कोरायचं मशीन होतं आणि त्याने त्या मशीनने सायकलचे भाग कोरायला घेतले होते. पेशंट आ वासून बसलेले असत आणि हा आतल्या खोलीत ब्रेकच्या दांड्याला भोकं पाडत असे, असं लोक म्हणत. दोघांची धाव एकाच गोष्टीसाठी होती. सात किलोच्या आत पहिल्यांदा कोण येतो.

निवाडा मेस्त्रीच्या हुकाचा. दुकानाच्या तुळईला लटकता काटा बांधलेला होता, खाली वाकडा हुक. सायकल सीटने अडकवायची, हलायची थांबली की मेस्त्री आकडा वाचायचा आणि दाराच्या फळीवर खडूने लिहायचा. मेस्त्री सावकाश बोलणारा, जाड बोटांचा माणूस. त्या बोटांनी तो चाकाची तार अशी छेडायचा की आवाजावरूनच ढिली कोणती ते त्याला कळे. या मंडळींची थेरं त्याला पटत नसत, पण तो कोणाला दुखवत नसे. ग्रॅमरावला त्याने एकदाच विचारलं होतं, "भाऊ, हिच्यावर बसायचंय, की नुसतीच उचलायचीय?" ग्रॅमराव हसला होता. या माणसाच्या दुकानात तो पाणी प्यायचा.

फळीवर डॉक्टर होता सात किलो नव्वदवर आणि ग्रॅमराव सात एकशे सहावर. काढायला आता काही उरलं नव्हतं. तेव्हा त्याला रंग आठवला. रंगालाही वजन असतं. तीन आठवडे संध्याकाळी तो गॅलरीत बसून पॉलिश पेपरने फ्रेम घासत होता. निळी पूड हवेत उडत होती आणि बायकोने शिवून टांगलेल्या पांढऱ्या शर्टांवर बसत होती. शाळेचे अठरा शर्ट तिला पुन्हा धुवावे लागले. ती त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. त्याच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

शनिवारी त्याने उघडीबोडकी, करड्या पत्र्याची सायकल काट्यावर चढवली. सात किलो छत्तीस ग्रॅम. त्याने दोनदा मोजली, काटा शिक्क्याच्या वजनांशी ताडून झालेला होताच. छत्तीस ग्रॅमनी हुकलं होतं. रविवारी तो पडलेल्या चेहऱ्याने गेला, डॉक्टरला निदान मागे टाकलं एवढंच समाधान घेऊन.

मेस्त्रीने सायकल हुकाला अडकवली. ती हलायची थांबली. मेस्त्रीने मान वर करून वाचलं, "सहा नऊशे ऐंशी."

एकच गलका झाला. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी फोटो काढायला लागलं. ग्रॅमराव मात्र आकड्याकडे पाहत होता. त्याच्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली, जशी ती बावीस वर्षं होत आली होती. एरवी घरच्या काट्याशी जुळणारा हा काटा आज छप्पन ग्रॅम कमी दाखवत होता. एखाद्या किराणावाल्याकडे असा काटा मिळाला असता तर याने तो हातोहात उतरवला असता.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मेस्त्री खडू हातात धरून थांबला. "भाऊ, काटा बरोबर आहे ना? लिहितोय म्हणून विचारतो. तुम्ही म्हणाल ते खरं."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. डॉक्टरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, आणि ते बघून ग्रॅमरावच्या मनाला इतकं बरं वाटलं की बाकी सगळं क्षणभर बाजूला पडलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

मेस्त्रीने फळीवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं. आणि इतकी वर्षं नाकाने कांदे सोलणारा हा गृहस्थ त्या फळीखाली उभा राहून फोटो काढून घेत होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "पहिला आलो."

"शर्यत होती?"

"नाही. वजनात. सहा नऊशे ऐंशी."

तिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "काल तर तुम्ही सात छत्तीस म्हणालात. इथेच, माझ्यासमोर."

तो फडकं घेऊन सायकल पुसायला बसला. तिने दोरा दाताने तोडला आणि कामाला लागली. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात तो बाजारात नेहमीपेक्षा कडक वागला. मंगळवारी एका म्हाताऱ्या मिरचीवाल्याचा काटा आठ ग्रॅमनी खोटा निघाला तेव्हा त्याने त्याला भर रस्त्यात कायद्याचं कलम वाचून दाखवलं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. ग्रॅमरावचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, आणि ते त्याचं त्यालाही जाणवलं.

पुढच्या रविवारी डॉक्टर शीळ घालत आला. ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना त्याने एकतीस भोकं पाडली होती, ओळीने, जाळीसारखी बारीक. सीटचं टोकही कोरून काढलं होतं. मेस्त्रीने त्याची सायकल हुकाला अडकवली. ती हलायची थांबली.

"सहा नऊशे साठ."

मेस्त्रीने बोळा घेतला आणि फळीवरचं वरचं नाव पुसायला हात वर केला. ग्रॅमरावचं नाव फक्त सात दिवस तिथे होतं. ते नाव अर्धं पुसलं गेलं आणि त्याच्याच्याने राहवलं नाही.

"थांबा," तो म्हणाला. "हा काटा खोटा आहे. छप्पन ग्रॅम कमी दाखवतोय."

सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. बोलून गेल्यावर त्याला कळेना की सगळे असे का बघतायत. खोटं मोजमाप दिसलं आणि त्याने सांगितलं, यात वावगं काय होतं? त्याची पितळी वजनं कचेरीच्या कपाटात कुलूपबंद होती, त्याने हुकाला आज हातसुद्धा लावला नव्हता, आणि हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्याला सोडून.

मेस्त्रीचा हात फळीवरून खाली आला. "छप्पन?" त्याने सावकाश विचारलं. "पन्नास नाही, साठ नाही?"

आता ग्रॅमरावला उमगलं. आकडा नेमका सांगायची जी खोड तो इतकी वर्षं मिरवत होता, तिनेच त्याला तोंडघशी पाडलं.

डॉक्टरने मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे माझी सात सोळा," तो म्हणाला, "आणि साहेबांची सात छत्तीस. तरी मीच पुढे." कोणीतरी हसलं. मेस्त्री हसला नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं," मेस्त्री म्हणाला.

"माझ्या लक्षात आलं नव्हतं."

हेच वाक्य त्याने हजार वेळा ऐकलं होतं. दर दुकानात, दर काट्यामागून, आणि त्याने ते एकदाही खरं मानलं नव्हतं. मेस्त्रीही मानत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं वाईट वाटलेलं होतं, आणि ते बघवेना.

मेस्त्रीने स्टुलावर चढून तुळईची दोरी सोडली, काटा खाली घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या साहेब. जप्त करा. बाजारात करता तसा."

"अहो मेस्त्री, इथे काही विकत नाही तुम्ही. हा गुन्हा नाही होत."

"होत नसेल. तरी घ्या. माझ्या दुकानात नको तो. आणि पावती द्या."

"पावतीपुस्तक कचेरीत आहे. उद्या देतो."

मेस्त्रीने ट्यूबच्या खोक्याचं झाकण फाडलं, कानामागची पेन्सिल काढली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. बाकीचे जरा मागे सरकले, पण गेलं कोणीच नाही. ग्रॅमरावने झाकण सीटवर ठेवलं, ते त्या पातळ पाटीवरून घसरलं, मग त्याने ते भिंतीला टेकवून लिहायला घेतलं. पावतीतले रकाने त्याला पाठ होते. काट्याचा प्रकार: लटकता. दोष: छप्पन ग्रॅम कमी. मालक: मेस्त्री. मग पुढचा रकाना आला, दोष आढळल्याची तारीख.

त्याचं लिहिणं बावीस वर्षांत पहिल्यांदा थांबलं. आजची तारीख लिहिली असती तर कोणी अडवलं नसतं. त्याला लाज वाटत होती, भर सकाळी, त्या घट्ट कपड्यांत, सात माणसांसमोर. मग त्याने गेल्या रविवारची तारीख लिहिली, खाली पूर्ण सही केली आणि झाकण मेस्त्रीच्या हातात दिलं.

मेस्त्रीने ते वाचलं, सावकाश, तारखेपाशी थांबून. मग खिळा शोधून त्याने ते फळीवर ठोकलं आणि आत जाऊन पंक्चर काढायला बसला.