दोन्ही अंगणांचं कुत्रं

गवंड्याला कोणीही काहीही म्हणावं, तो ऐकून घ्यायचा. तोंडाचा फाटका म्हणा, चिक्कू म्हणा, तिरसट म्हणा. तो नुसता हुं करायचा आणि पुढची वीट उचलायचा. फक्त त्याच्या दोरीला वाकडं म्हणायचं नाही. आणि नेमकं तेच त्याच्या पाठच्या भावानं म्हटलं, तेही चार माणसांत.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं होतं. धाकटा टेलर. तो दोन दिवस सासुरवाडीला गेला आणि इकडे गवंड्यानं दोरी ताणली, ओळंबा सोडला, भिंत उभी करून टाकली. टेलर परत आला, शिवणाच्या टेपनं अंगण मोजलं आणि म्हणाला, "दादा, तुझी दोरी वाकडी लागली."

खरं सांगायचं तर दोरी अगदी सरळ होती. फक्त ती टेलरच्या अंगणात हातभर आत सरळ होती. हे गवंड्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याला ते एवढं झोंबलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पोरं मोठी होऊन शहरात गेली, टेलरची बायको वारली, दोघांचे केस पिकले. अबोला तेवढा पहिल्या दिवसासारखा ताजा राहिला.

त्या भिंतीच्या तळाशी गवंड्यानं पाणी वाहून जायला एक भोक ठेवलं होतं. भावावर कितीही राग असला तरी पाणी तुंबवून स्वतःचं बांधकाम खचवणारा तो गवंडी नव्हता. त्याच भोकातून एके दिवशी एक तांबडं पिल्लू अलीकडे आलं, जरा वेळानं पलीकडे गेलं, आणि दोन्ही घरांचं होऊन बसलं. इकडे त्याचं नाव मुकादम, कारण गवंडी काम करत असला की ते समोर बसून नुसतं बघायचं. पलीकडे त्याचं नाव बॉबिन, शिलाई मशीनच्या रिळावरून. दोन्ही नावांना ते शेपूट हलवायचं. खायला दोन्हीकडे मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला तक्रार करतंय.

गवंड्याची बायको तर त्याच्याकडे बघून दिराची खबर काढायची. पाठीला निळे धागे चिकटलेले दिसले की म्हणायची, "भावजींना गणवेशाचं काम मिळालेलं दिसतंय." चार दिवस एकही धागा दिसला नाही की तिचा जीव खालीवर व्हायचा. गवंडीही धागे वेचून काढताना हळूच बघून घ्यायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात कुत्र्याला गोचिडांनी खाऊन टाकलं. तेही आता म्हातारं झालं होतं, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचे पाय धरलेले. गुरांचा डॉक्टर बाजाराच्या दिवशी येऊन बसायचा. गवंड्यानं त्याच्याकडून गोळी आणली. डॉक्टर म्हणाला, "एकच द्यायची. म्हातारं आहे, वर दुसरी गेली तर झेपायची नाही." गवंडी निघाला तेव्हा टेलर रांगेत मागेच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, बघायची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायको सकाळच्या गाडीनं बहिणीकडे गेली. गवंड्यानं दुधात बुडवलेल्या पावात गोळी कोंबून मुकादमाला चारली आणि रिकामं वेष्टण खिशात टाकलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ऊन असं तापलं होतं की कोंबड्यासुद्धा आवाज करत नव्हत्या. कुत्रं थोडा वेळ पाण्याच्या टाकीखाली पडलं, मग उठून भोकातून पलीकडे गेलं. टेलरच्या पडवीतली फरशी गार असायची. गवंडी भिंतीच्या सावलीत पोतं टाकून आडवा झाला. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. त्या आवाजावर त्याला वर्षानुवर्षं झोप लागायची, पण हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नसतं.

मशीन थांबलं. म्हणून तर त्याला जाग आली.

"ये रे बॉबिन. बघ काय आणलंय. अरे, हुंगतोस काय नुसता? गोळी आहे, विष नाही. खा म्हणतो ना!"

गवंडी ताडकन उठून बसला. क्षणात त्याच्या सगळं ध्यानात आलं. त्याला एवढंच ओरडायचं होतं: थांब, मी दिलीय. तो उभा राहिला, भिंतीला हात टेकला, घसा खाकरला. पलीकडचा आवाज बंद झाला. टेलरही ऐकत होता, हे गवंड्याला स्पष्ट कळलं. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन म्हातारे श्वास रोखून उभे होते.

आणि त्याच्या मनात आलं, मीच का? वाकडं बोलला तो. आधी त्यानं बोलावं. नुसतं 'काय रे दादा' म्हणाला तरी सांगून टाकतो. शिवाय कुत्रं गोळ्या थुंकतंच नेहमी, आत्ताही थुंकेल.

टेलर काही बोलला नाही. गवंडीही बोलला नाही.

"शाब्बास रे गड्या! गिळलीस एकदाची," पलीकडून आवाज आला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

गवंडी पोत्यावर परत बसला. झोप कुठली लागायला! त्यानं स्वतःची समजूत घातली की एका गोळीनं काय होतंय. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. तरी त्याची नजर भोकावरून हलेना.

उन्हं कलायला लागली तेव्हा भोकात तांबडं डोकं दिसलं. कुत्रं अर्धं अलीकडे आलं आणि तिथेच कोसळलं. पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. गवंडी धावला. पलीकडे टेलरनंही मागचे पाय झाडताना बघितले असावेत, कारण मशीन बंद पडलं आणि पुढच्या दारानं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, तो अनवाणी पळत आत आला.

"काय झालं रे याला? दादा, काय झालं?"

गवंड्यानं कुत्र्याला ओढून मांडीवर घेतलं होतं. टेलरनं डॉक्टरला फोन लावला. "गोळी दिली होती साहेब... एकच. एकच दिली, शपथेवर सांगतो."

तेव्हा गवंड्यानं खिशातलं वेष्टण काढून त्याच्यासमोर धरलं. टेलरनं ते बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोन गेल्यात साहेब," तो फोनवर म्हणाला. "आमच्या घरातनं एक आणि... आमच्या घरातनंच एक."

डॉक्टर म्हणाला, घेऊन या. टेलर गाडी बघायला धावला. गाडी दारात आली तोवर मुकादम गेला होता, आणि बॉबिनही.

खड्डा टेलरनंच खणला. गवंडी हात लावायला गेला तर त्यानं कुदळ सोडली नाही. "मी मारलं त्याला, मीच खणतो," एवढंच म्हणाला. गवंडी बाजूला उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी किळस आली होती की ती कुदळ डोक्यात घालून घ्यावी. सांगायची वेळ अजून गेली नव्हती. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला, कुत्रं आत गेलं, माती पडली. तो सांगू शकला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं बायको आली. पायरीवर दीर बसलेला बघून ती दारातच थबकली. टेलर तिला बघताच लहान पोरासारखा रडायला लागला.

"वहिनी, माझ्या हातनं झालं. दादानं सकाळी दिली होती, मी परत दिली. मला माहीत असतं तर..."

"असं काय करता भावजी! तुम्हाला कसं माहीत असणार?" ती त्याच्याशेजारी बसली. मग नवऱ्याकडे वळून तडकली, "आणि तुम्ही काय नुसते खांबासारखे उभे! आज तरी तोंड उघडा. भाऊ रडतोय तुमचा."

दोघंही त्याच्याकडे बघत होते. गवंड्यानं तोंड उघडलं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुझी काय चूक. तुला सांगायला कोण होतं?"

टेलरनं त्याचे सिमेंटनं भेगाळलेले दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.

"बोललास, दादा," तो म्हणाला. "एकदाचा बोललास."