पानांची मोजणी

जळगावच्या त्या लॅबमध्ये केमोच्या आधी आम्ही बाया रक्त देऊन रिपोर्टची वाट बघत बसायचो. मी एरंडोलची मास्तरीण. स्तनाचा कॅन्सर झाल्यापासून मोबाईलवर वाचून वाचून पांढऱ्या पेशींचं प्रमाण काढायला शिकले होते आणि त्यावरून स्वतःचं भविष्य सांगायचे. मागितलं नाही तरी दुसऱ्यांचंही सांगायचे.

एकदा शेजारी रावेरकडची केळी पिकवणारी एक बाई बसली होती. डोक्यावरचा पदर सारखी सावरायची, कारण खाली केस उरले नव्हते. तिनं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. तिच्या पेशी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या निघाल्या. मला रागच आला, पण म्हटलं, "छान आहे. आता काळजी नको."

ती हसली. "केळी निसवली, घड बाहेर पडला का आम्हीबी पानं मोजतो, ताई." हवेत बोट नाचवत तिनं मोजून दाखवली. "पानं भरपूर तं घड भरदार. पन वादळ काय पानं मोजून येतं का?"

पेशी कमी म्हणून माझीच केमो आठ दिवस पुढं गेली. घरी येऊन सवयीनं मोबाईल उघडला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी पेशींऐवजी रावेरकडचं हवामान बघितलं.