तान्हीची पात

निजामाच्या राज्यातली ती कापूसवेचणी भागाबाईला अजून आठवते. सेलूजवळच्या काळ्या रानात ती अन् तिची मैतरीण तान्ही कापसाच्या शेजारशेजारच्या ओळी, म्हंजे पाती, धरायच्या, अन् ओटी भरेस्तोवर दोघींचं हसणं सरायचं न्हाई. मग तान्ही लगीन होऊन पूर्णेला गेली, अन् तेरा वर्षांची भागा मुक्यावानी झाली.

त्याच साली तिच्या भावाचा, काशीनाथचा, दोस्त हैदराबादेला गेला. काशीनाथ गावभर मारामाऱ्या करत सुटला. सगळं घर त्याच्यामागं धावलं, त्याला तालमीत घातलं. भागा मात्र तान्हीचीही पात एकटीच वेचायची. आई कौतुकानं सांगायची, "पोरगी लय गुणाची हाय, दोघींचं काम करायलीय."

एका दुपारी शेजारची धुरपताकाकू तान्हीच्या पातीत शिरली.

"काकू, ती तान्हीची पात हाय."

"ठावं हाय. तान्ही आता सासूच्या रानात वेचायलीय. मी लय बडबडते म्हणून मला कुणी जोडीला घेईना. तू घेतीस का, बाई?"

भागा तिथंच बसून हमसून रडली. मग दिवस कलेपर्यंत ती तान्हीबद्दल बोलत राहिली, अन् गावातली सगळ्यात बडबडी बाई गुमान ऐकत बसली.