पोटातलं निळं लुगडं

सोयाबीन घरात आलेलं असतं आणि कापसाची वेचणी तोंडावर असते, एवढ्या मधल्या चार दिवसांत आमच्या गावच्या बायकांना बसायला फुरसत मिळते. बसायला म्हणजे गोधडी शिवायला. नुसतं रिकामं बसणं आमच्याकडे कुणाला जमत नाही, आणि जमलंच तर सासूबाईंच्या देखत जमत नाही.

मी लोहाऱ्याची. माहेरी ब्लँकेटं दुकानातून यायची. लग्न होऊन आर्णीकडच्या या गावात आले तेव्हा माझी शिवण पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं होतं की हे टाके आहेत की एसटीचे थांबे, एक इथं तर दुसरा पार राळेगावले. मला राग आला होता, पण टाके तसेच होते. या बायकांची शिवण पाहिल्यावर राग टिकत नाही. मान वर न करता, जगाच्या गप्पा मारत, त्या अशी सरळ ओळ ओढतात की मी पट्टी घेऊन बसले तरी मला जमायची नाही.

अंगणात ताडपत्री अंथरायची, तिच्यावर लुगडी एकावर एक पसरायची आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे हाताला लागेल ते वजन ठेवायचं. नवी, रंगाची लुगडी वर आणि खाली. विटलेली, विरलेली मधे, म्हणजे गोधडीच्या पोटात. हे कुणी कुणाला सांगत नाही, हात आपोआप तसं करतात. मग चारी बाजूंनी बसून कडेकडून आत शिवत जायचं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चूल. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, अंबाडीला तेव्हा लालभडक बोंडं धरलेली असतात. त्यांतली बी ढकलून काढायची, लाल पाकळ्या गुळात आटवायच्या, वरून थोडं तिखट-मीठ. बरण्या भरून ठेवल्या की पुढच्या पावसाळ्यापर्यंत भाकरीला आधार होतो. अंबाडीने बोटं लाल होतात, म्हणून चुलीजवळच्या बाईने सुईला हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा कायदा आहे.

ही अंबाडी सगळ्यांत चांगली करायची ती शेजारच्या बंजारा तांड्यावरची एक मावशी. तिचं नि आमचं शेत एका धुऱ्याला लागून. सासूबाईंची आणि तिची मैत्री त्या धुऱ्यावरच झाली, दोघींच्या शिदोऱ्या तिथंच सुटायच्या. एका उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. पुढच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचं. आमची बैठक बसली त्या दिवशी ती मुलगी एक गाठोडं घेऊन आली. सासरी न्यायला गोधडी हवी होती. गाठोड्यात एक नवं हिरवं लुगडं होतं, काही जुनी होती, आणि एक निळं, धुऊन धुऊन पार मऊ झालेलं. गाठोडं सासूबाईंच्या हाती देऊन ती सरळ चुलीकडे गेली, कारण अंबाडीत गूळ किती घालायचा ते आईच्या हाताखाली तीच शिकली होती.

वाटीत चवीपुरती अंबाडी घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा शिवण चारी कडांनी बरीच आत आली होती. तिने वाटी खाली ठेवली आणि गोधडीकडे नुसती पाहत राहिली. मग वाकून एक कड उचलली, खालून पाहिलं.

“निळं कोठी गेलं?”

ते पोटात गेलं होतं. विटलेलं म्हणून सासूबाईंच्या हातांनी ते नेहमीसारखं मधे अंथरलं होतं, आणि आम्हा एकीच्याही मनात विचारायचं आलं नव्हतं. ते तिच्या आईचं शेतात जायचं लुगडं होतं. बाकीची तिच्या काकांनी वाटून टाकली होती, एवढंच तिने लपवून ठेवलेलं. ते वर दिसावं, रात्री अंगावर घेताना हाताला लागावं, एवढ्यासाठी तर ती गोधडी करत होती. हे सांगताना ती रडली नाही, पण तिचा आवाज इतका बारीक झाला की आमच्या सगळ्यांच्या सुया थांबल्या.

कुणीतरी उसवू म्हणालं. सासूबाईंनी एक टाका सुईच्या टोकाने उचलून पाहिला आणि सोडून दिला. लुगडं इतकं विरलं होतं की दोऱ्याबरोबर तेच निघून आलं असतं.

“चुकलं माह्यं,” त्या म्हणाल्या. “पुसाले पाह्यजे होतं तुले.” मी त्यांच्या तोंडून हे शब्द त्याआधी कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “पण एक सांगतो बाई. वरचं लुगडं आधी फाटते. हे वर असतं तर दोन हिवाळे नसतं टिकलं. आता ते जाते कोठी? वरचं झिजलं का तेच दिसन.”

मुलीची समजूत पटली असं मला तरी वाटलं नाही. ती हौदावर गेली, राख घेऊन बोटं घासघासून धुतली, आणि येऊन सासूबाईंच्या शेजारी बसली. मधला उरलेला चौकोन तिने एकटीने शिवला. आम्ही आमचे हात मागे घेतले.

ती उमरखेडकडे नांदायला गेली. वर्षं गेली, तिची लेक आता शाळेत जाते. यंदा आमची बैठक बसली होती आणि सासूबाई चुलीपाशी अंबाडी हलवत होत्या, तेवढ्यात माझ्या मोबाईलवर तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा दिसेना, नुसतं हिरवं कापड दिसत होतं. हिरव्याला मधोमध चीर पडली होती आणि चिरेतून निळं डोकावत होतं.

सासूबाईंनी पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, पाठवून दे, वरून दुसरं लुगडं टाकून देतो.

“नोका झाकू, काकू,” ती म्हणाली. “पोरीले दाखवलं म्या आत्ता. याडी वर आली माह्यी.”

तांड्यावर आईला याडी म्हणतात. सासूबाईंनी लाल बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या त्या निळ्यावर टेकवलं. ते कुठल्या बटणावर पडलं कोण जाणे, कॉल कटला. मी परत लावते म्हटलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “झाली भेट.”