मोतीबाईच्या धवल्यांना लावलेलं कुलूप

सोनिवलीची मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गाणारी. गुडघे बोलू लागले, एकामागून एक मांडव झेपेनासे झाले, तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीत कामाला असलेल्या तिच्या मुलाने, भावेशने, सगळे धवले एका स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतले. विकत घेईल त्याच्याच मोबाइलवर वाजतील, पुढे पाठवता येणार नाहीत, असं कुलूपही लावून घेतलं.

"आये, आता तुजा गला कोनी चोरनार नाय," तो म्हणाला.

पहिल्याच लग्नसराईत ती शेजारच्या आळीत हळदीला पाहुणी म्हणून गेली, तर स्पीकरवर तीच गात होती. त्या घराने काही विकत घेतलेलं नव्हतं. कुणीतरी वाजत्या मोबाइलसमोर दुसरा मोबाइल धरला होता. मागे कुकरची शिट्टीही ऐकू येत होती. ती जेवून घरी आली.

उलट मोतीबाईच्या नणंदेने, खरवईच्या बनूबाईने, रीतसर घेतलेले धवले नव्या मोबाइलवर उघडेनात. असे कितीतरी जण. भावेश पाळीवरून यायचा आणि ताटावर बसून एकेकाला फोनवर समजावत राहायचा. जेवण गार व्हायचं. स्टुडिओवाला आणखी पक्कं कुलूप लावू म्हणत होता.

"काढून टाक ते," मोतीबाई म्हणाली. "घेनाऱ्यालाच तरास. नेनारा कवाच नेऊन मोकला झाला."

भावेश बरेच दिवस कुरकुरला, मग त्याने काढलं. फुकट नेणारे त्यामुळे वाढले नाहीत की कमी झाले नाहीत. तक्रारींचे फोन तेवढे थांबले. पण मांडवोमांडवी आता रेकॉर्डिंगच वाजत होतं, मोतीबाईला बोलावणी कमीच येत राहिली.

वैशाखात बनूबाईच्या नातीचं, जिज्ञासाचं लग्न निघालं. हळदीला स्पीकरच लावला होता. जात्यावर हळद दळून व्हायची होती आणि रेकॉर्डिंग नवरीच्या आंघोळीपर्यंत पोचलंसुद्धा. बनूबाईने ते बंद करायला लावलं.

"वयनी, आमच्या पोरीचा नाव घेऊन गा."

मोतीबाईला खरं तर नुसतं बसून राहायचं होतं. तरी तिने सूर लावला. जिज्ञासाचं नाव घेतलं, तिच्या आईबापाचं घेतलं. आईने पदर डोळ्यांना लावला. पुढच्या कडव्याला दम पुरेना. जात्यावरच्या बायकांनी ओळ उचलली. त्या दोन शब्द चुकल्या. मोतीबाईने दुरुस्त केलं नाही. भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.